एकशे पन्नास लिटरची फळी

फळी म्हटली की आमच्या वाचकांच्या, आणि त्यातही गृहिणींच्या, डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातील डब्यांची फळी उभी राहणार, आणि लिटर म्हटले की दूध किंवा गोडेतेल. फळी लिटरने मोजतात असे कोणी सांगितले तर सांगणाऱ्याची प्रकृती बरी आहे ना, असाच प्रश्न मनात यावा. परंतु ज्या फळीविषयी आम्ही चार शब्द लिहिणार आहोत तिचे माप खरोखरच लिटरमध्ये असते. ती समुद्रावर तरंगते, तिच्यावर एक शीड उभे असते, शिडाला धरून माणूस उभा असतो, आणि या तिघांना वारा जिकडे नेईल तिकडे नव्हे, तर माणसाला जावयाचे असेल तिकडे जाता येते. या खेळाला विंडसर्फिंग म्हणतात. फळी जितके लिटर पाणी बाजूला सारू शकते तितके किलो वजन ती, स्वतःचे वजन वजा जाता, पेलू शकते. शाळेत आर्किमिडीजचा सिद्धान्त शिकलेल्या कोणासही हे कळावे. आम्हांला तो शाळेत कळला नाही, समुद्रात कळला, आणि तो ज्यांनी कळवला ते गृहस्थ योगायोगाने शाळामास्तरच होते.

आम्ही पाचजण. मास्तर, डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आणि सर्वांचा पत्रव्यवहार ज्याच्या गळ्यात पडतो तो या ओळींचा लेखक. १९८४ साली लॉस एंजलिसच्या ऑलिंपिकमध्ये विंडसर्फिंगला प्रथम स्थान मिळाले. त्याच सुमारास पंचविशीतले मास्तर कोणा परदेशी प्रवाशाने मागे टाकलेली एक जुनी फळी घेऊन दोनापावलच्या पाण्यात धडपडत होते, आणि आम्ही कॉलेजातली पोरे किनाऱ्यावर बसून त्यांच्या पडण्याची मोजदाद करीत होतो. महिन्याभराने मोजदाद करण्यासारखे काही उरले नाही. मग त्यांनी आम्हांला एकेक करून पाण्यात ओढले. दिवसा ते शाळेत गणित शिकवीत आणि संध्याकाळी आम्हांला वारा शिकवीत. दोन्ही विषयांत त्यांची रीत एकच होती: उत्तर सांगावयाचे नाही, चूक कोठे झाली तेवढेच दाखवावयाचे.

त्याला आता चाळीस वर्षे उलटली. मास्तर सहासष्टांचे झाले, आम्ही साठीच्या अलीकडेपलीकडे. फळ्याही म्हाताऱ्या झाल्या. जुन्या काळच्या त्या प्लास्टिकच्या, वीस किलोंच्या वर वजनाच्या फळ्या. एकीच्या पोटात पाणी शिरलेले, दुसरीचा मधला पाता मोडलेला. दरमहा थोडे थोडे बाजूला टाकून आम्ही एक सामाईक निधी उभा केला होता, आणि त्यातून चार नव्या फळ्या घ्यावयाच्या असा ठराव होता. निधीचे खजिनदार अर्थातच मास्तर. पण २०२३ साली मास्तरांच्या उजव्या गुडघ्यातील अस्थिबंध तुटला, शस्त्रक्रिया झाली, आणि तेव्हापासून ते पाण्यात उतरले नव्हते. "तुमच्या फळ्या तुम्ही घ्या, हिशेब मी ठेवतो," असे ते म्हणू लागले. हे वाक्य आम्हां चौघांनाही आवडले नव्हते. पण त्यावर काय बोलावे हेही कोणास सुचत नव्हते. आमचे डॉक्टर बालरोगतज्ज्ञ. सहासष्ट वर्षांच्या गुडघ्याविषयी त्यांचे मत कितपत ग्राह्य धरावे, हा वकिलांचा नेहमीचा आक्षेप.

फळी दुकानातून पाहून घेण्याची वस्तू नव्हे. अंगरख्यासारखी ती अंगावर घालून पाहावी लागते, आणि घालून पाहण्यासाठी भरपूर वारा असलेला, सुरक्षित आणि निरनिराळ्या फळ्या भाड्याने मिळणारा समुद्र लागतो. ऑगस्टात आपल्याकडे दर्या उधाणलेला, होड्या किनाऱ्याला आणि किनाऱ्यावर लाल बावटे. त्याच दिवसांत मॉरिशसच्या नैऋत्य टोकाला, ल मोर्न येथे, वाऱ्याचा हंगाम ऐन भरात असतो. मुंबईहून विमानाने सहा-साडेसहा तासांची वाट, आणि आपल्या लोकांना तेथे पोचल्यावर प्रवेशपत्र मिळते. अट एकच होती, आणि ती पाचही घरांतून एकमुखाने आली होती: चवथीच्या आत परत. २०२५ साली चवथ २७ ऑगस्टला होती. माटोळी बांधावयाला माणूस घरात हवा; तो समुद्रावर फळ्या तपासत होता ही सबब गोव्यात चालत नाही.

विमानात इंजिनिअरांनी आम्हांला वाऱ्याचे भूगोल सांगितले, ते येथे नोंदवून ठेवतो, कारण ते आमच्या मनातून अद्याप गेलेले नाही. मॉरिशस, रियुनियन आणि रॉड्रिग्ज या बेटांना मस्करीन बेटे म्हणतात. पेद्रो मास्कारेन्हस नावाच्या पोर्तुगीज दर्यावर्द्यावरून हे नाव पडले. हे आडनाव गोव्यातील वाड्यावाड्यांवर आजही सापडते. या बेटांच्या आसपास, दक्षिण हिंदी महासागरावर, हवेच्या उच्च दाबाचा जो मोठा पट्टा असतो त्यालाही मस्करीनचेच नाव आहे. तेथून आग्नेयेकडचे वारे विषुववृत्ताकडे निघतात, ते ओलांडतात, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ वळण घेतात आणि नैऋत्य मोसमी वारे होऊन कोकण-गोव्याच्या कौलांवर येऊन आदळतात. म्हणजे आपल्या पावसाचे जे माहेर, तेथेच आम्ही शिडे घेऊन निघालो होतो. "आपल्या घरी पोचण्याआधी वारा अडवून वापरायचा," असे वकील म्हणाले. त्यांना प्रत्येक गोष्टीत मालकीहक्क दिसतो.

मालकीहक्काचा विषय निघालाच आहे तर या खेळाच्या जन्माची कथाही सांगून टाकतो. ती वकिलांना तोंडपाठ आहे, आणि दर सहलीत एकदा तरी ऐकावी लागते. हॉइल श्वाइत्झर आणि जिम ड्रेक या दोघा कॅलिफोर्नियाकरांनी १९६८ साली या साधनाच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९७० मध्ये ते मिळाले. ड्रेक हे विमानविद्येचे इंजिनिअर. युक्ती सारी एका सांध्यात होती. डोलकाठी फळीवर पक्की रोवलेली नाही. खालच्या सांध्यावर ती कोणत्याही दिशेला झुकते. सुकाणू नाही. शीड मागे झुकवले की फळीचे नाक वाऱ्याकडे वळते, पुढे झुकवले की वाऱ्यापासून दूर. पुढे इंग्लंडात खटला उभा राहिला, आणि १९५८ साली हेलिंग बेटावर पीटर चिल्व्हर्स नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने असेच शिडाचे साधन बनवून पाण्यात घातले होते, हे पुराव्यात आले. १९८५ मध्ये तेथील अपील न्यायालयाने पेटंट अवैध ठरवले. बारा वर्षांच्या पोराने कारखानदारांना हरवले, हे सांगताना वकिलांचा चेहरा असा फुलतो की जणू वकीलपत्र त्यांचेच होते.

ल मोर्नला पोचलो तेव्हा प्रथम दिसला तो डोंगर. ल मोर्न ब्राबां. उंची ५५६ मीटर, पण समुद्रातून सरळ उभा उठल्यामुळे तो त्याहून दुप्पट भासतो. पायथ्याशी पांढरी वाळू, सुरूची झाडे (ती पाहून वेंगुर्ल्याची आठवण झाली), पुढे उथळ खाजण आणि त्याच्या पलीकडे प्रवाळाची भिंत, जीवर महासागराच्या लाटा फुटून पांढरी रेघ उमटलेली. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात मालकांकडून पळालेले गुलाम या डोंगराच्या कड्यांवर आसरा घेत. १८३५ साली गुलामगिरी संपली, ती वार्ता सांगावयास शिपाई डोंगर चढू लागले, आणि आपल्याला पकडावयास आले असे समजून वरच्या लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी परंपरागत कथा तेथे सांगतात. २००८ साली हे स्थळ जागतिक वारसा म्हणून जाहीर झाले. डोंगराखाली खेळावयाचे हे प्रथम आम्हांला थोडे जड गेले. दुसऱ्या दिवशी वाऱ्याने विचार करावयास सवड दिली नाही.

आमची तपासणीची रीत अशी. एक फळी, एक शीड, चौघेजण. प्रत्येकाने वीस मिनिटे चालवावयाची, परत येऊन मास्तरांना सांगावयाचे, आणि मास्तरांनी वहीत लिहावयाचे. मास्तर सुरूच्या सावलीत चटई टाकून बसलेले, मांडीवर शाळेची दोनशे पानी वही, तिच्यात उभे-आडवे रकाने आखलेले: फळीचे लिटर, रुंदी, शिडाचे चौरस मीटर, वारा, धावणे, वळणे, वाऱ्याविरुद्ध चढणे, पायांना कशी वाटते. शेवटच्या रकान्याला इंजिनिअरांचा विरोध होता. ही मोजता येण्यासारखी गोष्ट नाही असे त्यांचे म्हणणे. "पायांना कळतं ते लिहायचं नाही तर मग पाय कशाला पाठवता, नुसता आकडा पाठवा," असे मास्तरांनी त्यांना सांगितले.

वारा अठरा ते बावीस नॉट, म्हणजे ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटर. अशा वाऱ्यात सहा चौरस मीटरचे शीडही पुष्कळ होते. पहिल्या दिवशी १०५ लिटरची, रुंदीला हातभर आणि वर चार बोटे असलेली फळी घेतली. तिच्याविषयी सांगितल्याशिवाय आमच्याने राहवत नाही. फळी आधी पाण्यातून चालते, नांगरासारखी पाणी कापीत. मग वाऱ्याचा एक सपाटा येतो, शिडाचा जोर पायांतून फळीत उतरतो, आणि ती एकाएकी पाण्याबाहेर निसटून पाण्यावर धावू लागते. तलावावर चपटा खडा टप्पे घेत जातो तशी. पाण्याचा आवाज बदलतो. खळखळ जाऊन सळसळ येते. कमरेच्या पट्ट्याचा आकडा बूमच्या दोरीत अडकवलेला असतो, त्यामुळे हातांना काम राहत नाही, आणि माणूस पाण्यावर जवळजवळ आडवा लोंबकळत असतो. साठीच्या माणसाला इतका आनंद देणाऱ्या गोष्टी फार थोड्या आहेत, आणि त्यांतील बहुतेक डॉक्टरांनी बंद केलेल्या असतात. पण ही फळी वारा जरा पडला की अंगठ्याएवढी खाली बुडे. तिच्यावर उभे राहून शीड ओढणे अशक्य. पाण्यात पडून राहून वाऱ्यानेच आपल्याला उचलून घ्यावयाचे, ही कसरत आलीच पाहिजे. दोनापावलचा दुपारचा खारा वारा बहुधा दहा-बारा नॉटचा. मास्तरांनी शेरा लिहिला: "गुणी, परंतु आपल्या गावची नव्हे."

१२० आणि १३३ लिटरच्या फळ्यांवर फारसा वाद झाला नाही. दोन्ही समंजस. १३३ ची वळताना थोडी आळशी.

मग फॉइल. या फळीखाली पात्याऐवजी मीटरभर लांबीचा दांडा आणि त्याला विमानासारखे छोटे पंख असतात. वेग येताच पंख फळीला उचलतात आणि माणूस पाण्यापासून दीड-दोन फूट वर, निःशब्द जाऊ लागतो. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये मार्सेयच्या समुद्रावर याच जातीच्या फळ्या धावल्या. थोड्या वाऱ्यावरही ही चालते, म्हणून इंजिनिअरांचा जीव तिच्यावर जडलेला. आमचे मत असे की ती अद्भुत आहे आणि विश्वासघातकी आहे. खाजणात खोलीची पंचाईत. प्रवाळावर दांडा आपटला तर फळी थांबते आणि माणूस थांबत नाही. मॉरिशसला भरती-ओहोटीचा फरक जेमतेम अर्धा मीटर, म्हणून खोल पाण्याच्या जागा लक्षात तरी राहतात. आपल्याकडे हा फरक दोन मीटरांच्या आसपास जातो, त्यात मांडवी-झुवारीच्या तोंडचे रेतीचे पट्टे आणि रापणकारांची जाळी. तरीही इंजिनिअर त्या उंचीवरून आमच्याकडे पाहून हात हलवीत गेले तेव्हा चौघांच्याही मनात एकच विचार आला, आणि तो मत्सराचा होता.

तीन दिवस मास्तर वाळूवरून हलले नाहीत. वही सुंदर भरत होती. १५० लिटरची एक रुंद फळी, पाऊण मीटराहून बरीच अधिक रुंद, मध्ये आत-बाहेर होणारा पाता असलेली, आम्ही मुद्दाम भाड्याने घेऊन मास्तरांच्या चटईपासून दहा पावलांवर ठेवली होती. कोणी काही बोलले नाही. मास्तरांनी पहिल्या दिवशी तिच्याकडे पाहिले, दुसऱ्या दिवशी तिच्यावर ओला टॉवेल वाळत घातला.

तिसऱ्या दिवशी दुपारी जे घडले ते समजण्यासाठी खाजणाची रचना सांगणे आवश्यक आहे. बाहेरच्या लाटा प्रवाळाच्या भिंतीवर फुटून पाणी आत लोटतात. आत आलेले पाणी भिंतीतल्या खिंडींतून पुन्हा बाहेर पडते. ऑगस्टात दक्षिणेच्या वादळी पट्ट्यातून मोठ्या लाटा येतात. लाट जितकी मोठी तितका खिंडीतला ओढा जोराचा. त्यातून वारा किनाऱ्याला समांतर आणि किंचित बाहेरच्या बाजूला वाहणारा. म्हणजे ज्याचे साधन निकामी झाले त्याला वारा आणि पाणी दोघेही एकाच दाराकडे नेतात, आणि त्या दाराबाहेर महासागर.

वकील त्या खिंडीच्या आत, पाऊण किलोमीटर अंतरावर असताना त्यांच्या डोलकाठीखालचा रबरी सांधा तुटला. साधने भाड्याची होती. रबराला आतून जुनी चीर होती हे मागाहून दिसले. सोबतीच्या दोरीने शीड फळीला लटकून राहिले, पण उभे करणे शक्य नव्हते. या खेळातला पहिला नियम, जो मास्तरांनी आम्हांला पोहण्याआधी शिकवला होता, तो असा की काहीही होवो, फळी सोडावयाची नाही. माणूस दिसत नाही, फळी दिसते. वकील फळीवर बसले. शीड पाण्यात पडू दिले, कारण बुडालेले शीड नांगरासारखे वाहणे थोडे धीमे करते. आणि दोन्ही हात पसरून सावकाश वर-खाली करू लागले. मदतीची ही खूण सर्व जगात एकच आहे. इंजिनिअर त्यांच्याजवळ पोचले, पण ओढून आणण्याइतका जोर एका शिडात नसतो. ते नुसते भोवती घिरट्या घालीत राहिले. डॉक्टर किनाऱ्याकडे वळले, वारा चढत चढत, आणि निम्म्या वाटेवर त्यांना समोरून येणारी मोटारबोट दिसली.

बोट मास्तरांनी पाठवली होती. वहीत लिहिता लिहिता ते दर दोन मिनिटांनी मान वर करून शिडे मोजत, ही त्यांची आम्हांला ठाऊक नसलेली सवय. चार शिडांची तीन झाली, आणि दोन मिनिटांनी पुन्हा पाहिले तरी तीनच राहिली. बोटीचा धक्का तेथून दोनशे पावलांवर. ते धावत गेले. पायात पट्टा नाही, हातात काठी नाही, वाळूतून. आम्ही ते पाहिले नाही, बोटवाल्याने सांगितले.

वकिलांना आणले तेव्हा ते थंडीने कुडकुडत होते, पण बोलत होते, म्हणजे ठीक होते. संध्याकाळी मास्तरांचा गुडघा सुजून नारळाएवढा झाला. डॉक्टरांनी त्यावर बर्फ बांधला आणि विचारले, "धावताना गुडघा आठवला नाही?"

"हजेरीत एक पोर कमी होतं," मास्तर म्हणाले.

यावर कोणीच काही बोलले नाही. थोड्या वेळाने वकिलांनी भाड्याच्या दुकानाला नोटीस कशी लिहावी याचा मसुदा तोंडी सांगावयास सुरुवात केली, आणि आम्ही तो आवश्यकतेपेक्षा अधिक वेळ ऐकला. दुकानदाराने त्या दिवसाचे भाडे घेतले नाही. नोटीस मसुद्यावरच राहिली.

बोटवाल्याविषयी लिहिले पाहिजे. पन्नाशीचा, शांत, काळाभोर गृहस्थ. नावाच्या शेवटी 'जी' ऐकून आम्ही चमकलो. मॉरिशसला ऊसमळ्यांवर करारबद्ध मजूर गेले त्यांत बिहारचे लोक सर्वांत अधिक, पण मुंबई बंदरातून आपल्या रत्नागिरीकडची माणसेही गेली. कागदोपत्री बापाचे वा आजाचे नावच आडनाव म्हणून चिकटले, म्हणून तेथील मराठी आडनावे ऐकताना कोणाला तरी एकेरीत हाक मारल्यासारखे वाटते. याच्या खापरपणजोबाचे गाव कोणते ते त्याला ठाऊक नव्हते, "रत्नागिरी" एवढेच. घरी क्रिओल बोलतात. शाळेत थोडे मराठी वाचावयास शिकला होता, ते अडखळत का होईना त्याला येत होते. त्यांच्या वस्तीत मुले चवथीसाठी जाखडीची तालीम करीत आहेत असे त्याने सांगितले. चवथ तेथे सरकारी सुटीचा दिवस आहे. आमच्या घरच्या माटोळीचे वर्णन त्याने लक्षपूर्वक ऐकले, आणि ती फळे कोठून आणता, हे दोनदा विचारले.

चौथ्या दिवशी वारा तीस नॉटच्या वर गेला, म्हणून पोर्ट लुईसला जाऊन आप्रवासी घाट पाहिला. १८३४ पासून १९२० पर्यंत सुमारे पाच लाख मजूर मॉरिशसला उतरले. बंदरापासून वर जाणाऱ्या घाटाच्या दगडी पायऱ्या तेवढ्या सोळा. मास्तर काठी टेकीत त्या चढले आणि उतरले, आणि खाली येऊन पुन्हा मोजल्या. त्या आगबोटींच्या आधीची शिडाची गलबते याच समुद्रावरून, याच वाऱ्यांशी झगडत आली होती. आमच्यातल्या कोणालाही त्या दिवशी फळ्यांविषयी बोलवले नाही.

पाचव्या दिवशी सकाळी वारा मवाळला होता. बारा नॉट, फार तर तेरा. अगदी दोनापावलचा वारा. चहा घेऊन आम्ही वाळूवर आलो तो चटई रिकामी. वही चटईवर, तिच्यावर चष्मा. मास्तर गुडघ्याला पट्टा बांधून, कमरभर पाण्यात, १५० लिटरच्या फळीला बैलाच्या पाठीवर हात ठेवावा तसा हात ठेवून उभे होते. डॉक्टर पुढे धावणार तोच इंजिनिअरांनी त्यांचा दंड धरला.

पाण्यातून वाऱ्याच्या जोरावर उठणे त्यांना शक्य नव्हते. त्यासाठी गुडघा पूर्ण दुमडावा लागतो. म्हणून जुनी रीत: फळीवर चढावयाचे, उभे राहावयाचे, आणि दोरीने शीड पाण्यातून वर ओढावयाचे. हे अरुंद फळीवर सहासष्ट वर्षांच्या माणसाने करू नये. ही फळी हलली नाही. पोटावर पडून, मग हातांवर, मग डावा गुडघा टेकून, मग एका लांब थांब्यानंतर दोन्ही पाय. शीड अर्धे वर आले आणि पडले. पुन्हा ओढले. तिसऱ्या वेळी पाणी निथळत ते उभे राहिले, मास्तरांनी बूम धरला, आणि शरीर किंचित मागे टाकले. चाळीस वर्षांपूर्वी ज्या पद्धतीने ते मान उजवीकडे झुकवीत, तीच मान.

गेले असतील दोनशे मीटर. फळी पाण्यावर धावली नाही, पाण्यातूनच चालली. वळताना ते सावकाश, एक-एक पाऊल टाकीत, डोलकाठीला प्रदक्षिणा घालून पलीकडे गेले. परत येताना अर्ध्या वाटेवर पडले. डॉक्टरांनी डोळे मिटले. पुन्हा तेच सारे: पोट, हात, डावा गुडघा, थांबा, दोरी. वीस मिनिटांनी ते काठाला लागले, आमच्यापैकी कोणाकडेही न पाहता चटईवर गेले, चष्मा लावला आणि वहीत त्या फळीच्या ओळीवर पाचवा रकाना आखला. शेवटच्या खान्यात लिहिले: "जाताना उजवा गुडघा बोलतो, येताना गप्प बसतो." कारण उघड आहे. तेथील वाऱ्यात बाहेर जाताना उजवा पाय मागे राहतो, आणि मागच्या पायावर भार असतो. येताना पाय बदलतात. पण ते लिहून झाल्यावर त्यांनी पेन्सिलीला टोक काढले, आणि पुष्कळ वेळ काढीत राहिले.

त्या रात्री निधीचा वाद झाला. निधीत चार फळ्यांचे पैसे. इंजिनिअरांची यादी तयार होती: १२०, १३३, एक फॉइल, आणि शर्यतीसाठी एक अरुंद, वेगवान फळी. वकिलांनी अरुंद फळी खोडून तेथे १५० लिहिले. मास्तरांनी खजिनदार म्हणून हरकत घेतली. सामाईक पैसा जी वस्तू चौघे वापरतील तिच्यावर खर्च व्हावा. एका माणसाच्या दोन हंगामांसाठी नव्हे. "मी कितीसे दिवस येणार?" हे ते इतक्या सरळ, हिशेबी स्वरात म्हणाले की वकिलांनाही प्रतिवाद सुचेना. मग बोलले ते इंजिनिअर, ज्यांची आवडती फळी यादीतून गेली होती.

"मास्तर, दोन हंगामांनी आम्ही किती वर्षांचे होऊ ते तुम्हीच सांगा. गणित तुमचं."

मास्तरांनी वही मिटली. "पुरो आतां," एवढेच ते कोकणीत म्हणाले. होकार की नकार, ते त्या रात्री कळले नाही. दुसऱ्या दिवशी विमानतळावर वहीचे शेवटचे पान पाहिले तेव्हा यादीत १५० होते, आणि त्यापुढे त्यांच्या बारीक अक्षरात: "शिकाऊ मुलांसाठी."

चवथीच्या आत घरी पोचलो. माटोळ्या वेळेवर बांधल्या गेल्या.

फळ्या मुंबईच्या एका व्यापाऱ्यामार्फत मागवल्या आणि जकातीचा आकडा पाहून निधीने आचका दिला. तो प्रत्येकाने पदरचे घालून सावरला. जानेवारीत त्या आल्या. १५० लिटरची डॉक्टरांच्या बाल्कांवात, भिंतीला टेकून, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवली आहे, कारण तेवढी लांब भिंत दुसऱ्या कोणाकडे नाही. शिकाऊ मुले म्हणून शेजारची दोन पोरे मिळाली आहेत. मास्तरांच्या घरी मात्र वहिनींचा निकाल अद्याप व्हावयाचा आहे. त्यांनी मॉरिशसच्या त्या वीस मिनिटांची हकिगत पाचही जणांकडून वेगवेगळी ऐकून घेतली आहे, आणि साक्षी जुळत नाहीत असे त्यांचे म्हणणे. मास्तर संध्याकाळी फिरायला म्हणून निघतात ते डॉक्टरांच्या बाल्कांवात येऊन बसतात. फळीच्या पाठीवर हवा जाण्यासाठी एक छोटा स्क्रू असतो. उन्हाने आतली हवा फुगते, तेव्हा तो सैल करून ठेवावा लागतो. तो सैल आहे ना, हे मास्तर रोज विचारतात, आणि डॉक्टरांनी हो म्हटले तरी चादर बाजूला करून स्वतः पाहतात.